भूकंपानंतर मदतीला नर्स म्हणून जायचंय: कसं, कधी आणि तिथे नेमकं काय करावं लागतं?

फिरतीपाळी

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी स्टाफ नर्स आहे, आधी कॅज्युअल्टीला होते, आता आयसीयूत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला तेव्हा ते ढिगारे टीव्हीवर बघताना सारखं वाटत होतं की आपल्याला शिरा सापडतात, मोठी ड्रेसिंग्ज येतात, व्हेंटिलेटरचा पेशंट सांभाळता येतो, मग आपण इथे बसून काय करतोय. पण कुठे विचारायचं, कुणाकडे नाव द्यायचं काहीच माहीत नव्हतं. भूकंप कधी आणि कुठे होईल ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे तयारी आत्ताच करून ठेवावी असं ठरवलंय.

तर प्रश्न असे की एकटीने निघून गेलं तर चालतं का की संस्थेतूनच जावं लागतं, पहिल्या एकदोन दिवसांत पोचणं किती महत्त्वाचं, आयसीयूच्या अनुभवाचा तिथे उपयोग होतो का, आणि वेगळं काही शिकून जायला हवं का. इथे कुणी जाऊन आलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, कितीही मोठं लिहिलंत तरी वाचीन.

पायवाट

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

ओली_माती

फिरतीपाळी ताई, मी एका भूकंपानंतर टीमबरोबर नर्स म्हणून गेले होते, देशाचं आणि टीमचं नाव लिहीत नाही. तुम्ही मोठं लिहा म्हणालात म्हणून मोठं लिहितेय.

पहिली गोष्ट, एकटीने अजिबात जाऊ नका. तुम्ही कितीही चांगल्या नर्स असलात तरी तिथे पोचल्यावर तुम्हाला प्यायला पाणी लागतं, झोपायला जागा लागते, संडास लागतो, आजारी पडलात तर औषध लागतं, आणि हे सगळं ज्यांचं घर पडलंय त्यांच्याच वाट्यातून जातं. शिवाय तुमचं रजिस्ट्रेशन खरं आहे का, तुम्ही कुणाच्या ऑर्डरने औषध देताय, दिलेल्या औषधाची नोंद कुठे, पेशंटला काही झालं तर जबाबदार कोण, यातलं एकट्या माणसाकडे काहीच नसतं. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरातून वैद्यकीय टीम आल्या, त्यातल्या काही उत्तम होत्या आणि काहींकडे धड निर्जंतुक करायची सोयसुद्धा नव्हती, आणि त्या अनुभवातूनच पुढे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीमचे प्रकार ठरवून दिले. टाइप १ म्हणजे ओपीडी आणि प्राथमिक उपचार, टाइप २ म्हणजे ऑपरेशन थिएटर आणि कमीत कमी २० खाटा, टाइप ३ म्हणजे मोठं रेफरल हॉस्पिटल, आयसीयूसकट. टीमने स्वतःचं पाणी, जेवण, वीज, तंबू, औषधं सगळं बरोबर न्यायचं आणि पोचल्यावर तिथल्या आरोग्य खात्याकडे नोंद करून ते सांगतील त्या जागी बसायचं. तुम्ही ज्या संस्थेकडे नाव द्याल ती हे करते का, एवढं आधी बघा.

दुसरी गोष्ट, पहिल्या दिवशी पोचायची घाई डोक्यातून काढा. ढिगाऱ्यातून जी माणसं जिवंत निघतात ती बहुतेक पहिल्या २४ ते ४८ तासांत निघतात आणि त्यांना काढणारे असतात शेजारी आणि घरचेच, हाताने, पहारीने, जे मिळेल त्याने. बाहेरच्या टीमचा तंबू उभा राहीपर्यंत काही दिवस गेलेले असतात. म्हणजे आपण टीव्हीवर जो क्षण बघतो तो आपल्या वाट्याला बहुतेक येत नाही. येतं ते त्यानंतरचं, आणि ते कितीतरी आठवडे चालतं, आणि माझ्या मते तिथेच नर्सची सगळ्यात जास्त गरज असते.

ते काम काय असतं तर जखमा, जखमा आणि जखमा. पहिल्या दिवशी गर्दीत कुणीतरी माती आत असताना टाके घालून टाकलेले असतात, चारपाच दिवसांनी पेशंट येतो तेव्हा टाक्यांमधून पू येत असतो, मग टाके काढायचे, भरपूर सलाईनने धुवायचं, मेलेला भाग सर्जन काढणार, जखम उघडीच ठेवायची, रोज ड्रेसिंग, आणि स्वच्छ दिसली तर काही दिवसांनी बंद करायची. मातीत घडलेल्या जखमेवर घाईने टाके नकोत हे सर्जनला माहीत असतंच पण रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकांना ते समजावणं आपल्याकडे येतं, कारण त्यांना वाटतं जखम उघडी ठेवली म्हणजे आपल्या माणसाकडे दुर्लक्ष केलं. टिटॅनसचं तर विचारूच नका, २००५ चा काश्मीरचा भूकंप आणि २००६ चा जावा बेटावरचा, दोन्हींनंतर टिटॅनसचे पेशंट आले होते. म्हातारी माणसं आणि बायका, ज्यांना कधी लसच मिळालेली नसते, त्यांची जखम किती का लहान असेना, टीटी (टिटॅनसची लस) आणि गरज असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन), विसरायचं नाही.

आणि याशिवाय नेहमीचे आजार. ज्याचं इन्सुलिन फ्रिजसकट गाडलं गेलंय, जिची बीपीची गोळी आठवडाभर चुकलीय, टीबीच्या औषधांचा कोर्स अर्धवट राहिलेले, डायलिसिसवरचे, फिट्सचे पेशंट. बाळंतपणं थांबत नाहीत, तंबूत होतात. मोडलेल्या हाडांपेक्षा ओपीडीची रांग यांचीच मोठी होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आयसीयूचं यंत्र तिथे बहुधा नसेल पण आयसीयूची नजर नक्की कामाला येईल, म्हणजे पेशंट बिघडायच्या आधी ओळखणं, इनटेक आउटपुट (पेशंटच्या पोटात किती गेलं, लघवी किती झाली याचा हिशोब), रात्री तीन वाजता श्वास मोजणं.

फिरतीपाळी

ओली_माती ताई, खूप खूप आभार. दोनदा वाचलं. ‘ते कितीतरी आठवडे चालतं’ हे मला खरंच लक्षात आलं नव्हतं, मी दोनतीन दिवसांची बॅग भरून निघायच्या हिशोबात होते.

लघवीची_पिशवी_रिकामी_करा

(आयडी वाचून दचकू नका, पुढचं वाचलंत की कळेल का घेतलाय.)

मी ब्रदर आहे, डायलिसिस युनिटला. वर इनटेक आउटपुटचा उल्लेख आला म्हणून क्रश सिंड्रोमबद्दल लिहायलाच हवं, भूकंपात वाचलेला माणूस नंतर हातातून जातो तो बऱ्याचदा याने.

मांडी किंवा दंड भिंतीखाली काही तास दाबला गेला की स्नायू मरायला लागतो, आणि वरचं ओझं काढल्याबरोबर त्या स्नायूतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूतलं एक प्रथिन) एकदम रक्तात येतं. पोटॅशियम हृदय बंद पाडतं, मायोग्लोबिन किडनी. बाहेर काढेपर्यंत बोलत असलेला माणूस बाहेर काढल्यावर काही मिनिटांत जातो तो यामुळे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा बायवॉटर्स या डॉक्टरांनी ढिगाऱ्यातून काढलेल्या पेशंट्समध्ये हे नीट नोंदवलं. १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपानंतर डायलिसिसची इतकी गरज पडली की किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने भूकंपासाठी वेगळं पथकच तयार केलं, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये तुर्कस्तानात मार्मारा भागात भूकंप झाला तेव्हा क्रशमुळे किडनीचा त्रास झालेले ६३९ पेशंट नोंदले गेले, त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं.

आता आपलं काम. माणूस अजून अडकलेला असतानाच, एखादा हात मोकळा असेल तर त्याच हातात इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची नळी) घालून एनएस (साधं मिठाचं सलाईन) सुरू करायचं, मोठ्या माणसाला साधारण तासाला १ लिटर, म्हाताऱ्या आणि लहान मुलांना अर्थात डॉक्टर सांगतील तसं कमी. आरएल (रिंगर लॅक्टेट, दुसऱ्या प्रकारचं सलाईन) नाही, त्यात पोटॅशियम असतं, आणि गडबडीत हाताला लागेल ती बाटली लावली जाते म्हणून मी तर म्हणतो दोन्हींचे खोके वेगळे ठेवा. बाहेर काढल्यावर लघवीची नळी, आणि दर तासाला लघवी मोजून लिहायची, रंगासकट. काळ्या चहासारखी गडद लघवी आली की लगेच सांगायचं. ईसीजी असेल तर उंच टोकदार टी वेव्ह बघायच्या, ती पोटॅशियम वाढल्याची खूण. दाबलेला पाय टणक झालाय, बोटं वाकवली की पेशंट ओरडतो, हे दर तासाला तपासायचं. लघवीच झाली नाही आणि सलाईन तसंच धो धो चालू राहिलं तर फुप्फुसात पाणी होतं, म्हणजे तो तासाचा आकडा दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा. मशीन, लॅब काही नसताना लघवीची पिशवी आणि घड्याळ एवढ्यावर किती निर्णय घेता येतात हे प्रत्येक नर्सने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मोकळा_श्वास

सगळं वाचलं, छान माहिती मिळतेय. पण मला एक पटलं नाही. घाई करू नका, नोंदणी करा, संस्था शोधा, हे सगळं शांतपणे बोलायला ठीक आहे हो. भुजला २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊला भूकंप झाला तेव्हा तिथलं सरकारी हॉस्पिटलच कोसळलं होतं, जुबिली ग्राउंडवर उघड्यावर उपचार चालले होते. अशा वेळी जवळपासची नर्स कागद बघत बसणार का? हाताला हात लागतोच ना? किल्लारीला १९९३ मध्ये पहाटे चारच्या आधी भूकंप झाला, दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली, तिथे जो कुणी पहिला पोचला त्यानेच जीव वाचवले.

ओली_माती

मोकळा_श्वास, तुमचं बरोबर आहे आणि त्यात माझा विरोध नाहीच. भूकंप तुमच्या गावात, तुमच्या जिल्ह्यात झाला तर तुम्ही पाहुणे नाही, तुम्ही तिथलेच आहात, चपला घालून जवळच्या दवाखान्यात हजर व्हा, तिथल्या इन्चार्जना सांगा मी आलेय, कुठे उभी राहू. तिथे कागद नंतर. मी बोलत होते ते विमानाने, रेल्वेने लांबून जाणाऱ्यांबद्दल.

पण तुम्ही हॉस्पिटल कोसळल्याचा विषय काढलात ते फार बरं केलं, त्यावर मला बोलायचंच होतं. हॉस्पिटल पडतं तेव्हा आतले पेशंट जातात आणि नर्सेसही जातात. हैतीत पोर्ट ओ प्रिन्सचं सरकारी नर्सिंग कॉलेज पडलं आणि वर्गातल्या मुली आत गेल्या, म्हणजे ज्या दिवशी त्या शहराला नर्सेस सगळ्यात जास्त हव्या होत्या त्याच दिवशी पुढची एक पिढी गेली. ज्या वाचतात त्यांचं स्वतःचं घर पडलेलं असतं, कुणाचा मुलगा सापडत नसतो, आणि तरी त्या त्याच कपड्यांत ड्युटीवर असतात कारण बदली द्यायला कुणीच नसतं. आम्ही गेलो तिथल्या सिस्टर्स अशाच होत्या. आमच्या टीमने जे काही केलं त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एवढंच, की आम्ही त्यांच्या रात्रपाळ्या घेतल्या आणि त्यांना झोपायला, आपल्या माणसांना शोधायला, अंत्यविधी करायला मोकळं केलं.

म्हणून म्हणते, जाताना आपण तिथल्या नर्सची बदली म्हणून चाललोय असं समजून जा. भाषा त्यांना येते, पेशंट त्यांच्या ओळखीचे, कुठल्या वस्तीत कोण एकटं राहतं ते त्यांना माहीत. वॉर्ड त्यांचाच, त्यांची पद्धत वेगळी असेल तर त्यांच्या पद्धतीने करा, चार्टसुद्धा त्यांच्याच कागदावर. आपल्या टीमचा वेगळा चार्ट आपल्याबरोबर परत जातो आणि मागे राहिलेल्या सिस्टरला त्या पेशंटचं काहीच कळत नाही.

मोकळा_श्वास

पटलं. जिल्ह्यातली नर्स आणि लांबून आलेली नर्स हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

दुर्वांकुर

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल. प्रेतांमुळे साथ पसरते म्हणून लवकर सामुदायिक दफन करतात असं ऐकलंय, तिथे काम करणाऱ्यांना धोका नसतो का? आणि आम्ही औषधं गोळा करून पाठवली तर चालतात का?

ओली_माती

दुर्वांकुर, अजिबात बाळबोध नाही, उलट हे दोन्ही गैरसमज फार नुकसान करतात. भूकंपात गेलेली माणसं मार लागून गेलेली असतात, साथीच्या रोगाने नाही, त्यांच्या देहांमुळे साथी येत नाहीत. देह हाताळणाऱ्यांनी ग्लोव्ह्ज, बूट घालावेत, हात धुवावेत एवढी काळजी पुरते. घाईने सामुदायिक दफन केलं तर ओळख पटत नाही आणि मागच्यांना वर्षानुवर्षं कळत नाही की आपला माणूस गेला की कुठे आहे. मृत्यूचा दाखला नाही म्हणजे जमीन, भरपाई, सगळंच अडतं. नर्स म्हणून आपण फोटो, कपडे, अंगावरच्या खुणा, सापडल्याची जागा हे लिहून ठेवू शकतो आणि ते करावंच.

साथ येते ती जिवंत माणसांच्या गर्दीतून. माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी हे मदतकार्यात धरलेलं किमान प्रमाण आहे, ते मिळालं नाही, संडास कमी पडले की जुलाब, आणि छावणीत मुलांना गोवर. त्यामुळे ओआरएसचा कोपरा आणि गोवराची लस ही भूकंपातली महत्त्वाची कामं आहेत, दिसायला साधी असली तरी. आणि दुधाची पावडर वाटू नका, अंगावर पिणाऱ्या बाळांना तर नाहीच, खराब पाण्यात कालवलेल्या दुधाने जुलाब होतात. आईला आडोसा, पाणी आणि जेवण द्या, दूध येतं.

औषधं गोळा करून पाठवू नका, अगदी कळकळीने सांगते. वर आर्मेनियाचा उल्लेख आलाय, तिथे १९८८ मध्ये औषधं आणि वैद्यकीय सामान मिळून सुमारे ५००० टन आलं आणि त्यातलं साधारण ३० टक्केच लगेच वापरता येण्यासारखं होतं. बाकीचं निवडत बसायला जी माणसं लागतात ती वॉर्डातूनच घ्यावी लागतात. पैसे द्या, खात्रीच्या संस्थेला.

वॉर्ड_नंबर_नऊ

ट्रायेजबद्दल, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याबद्दल, कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितेय. कॅज्युअल्टीतलं ट्रायेज आणि हे वेगळं आहे ताई. कॅज्युअल्टीत सगळ्यात सिरियस पेशंटला सगळे मिळून धावतो. इथे एका माणसावर चार जण अर्धा तास गुंतले तर तेवढ्यात बाहेर वाचू शकणारे तिघे जातात. स्टार्ट पद्धत शिकून घ्या, अर्ध्या मिनिटात एक पेशंट. प्रत्येकाला रंगाचा टॅग लावायचा, लाल आधी, मग पिवळा, मग हिरवा, आणि काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही. चालू शकतो तो हिरवा. श्वास नाही, मान सरळ करून वाट मोकळी केली तरी नाही, तो काळा. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. नख दाबून सोडल्यावर रंग यायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा मनगटाला नाडी नाही, लाल. साधी सूचना ऐकत नाही, लाल. बाकी पिवळे. लहान मुलांची जम्पस्टार्ट म्हणून वेगळी पद्धत आहे, त्यात श्वास नाही पण नाडी आहे अशा मुलाला आधी पाच श्वास देऊन बघतात. आणि एकदा लावलेला टॅग कायमचा नसतो, परत परत फिरून बघायचं, पिवळ्याचा लाल होतो.

काळा टॅग लावणं फार कठीण जातं. लावला म्हणजे त्या माणसाला सोडून दिलं असं नाही, वेदना कमी करणं, पांघरूण घालणं, जवळ कुणीतरी बसणं, हे सगळं करायचंच, आणि मला वाटतं ते नर्सशिवाय दुसरं कुणी नीट करत नाही. नातेवाईक विचारतात तेव्हा खोटी आशा देऊ नका. पेशंटला, नातेवाइकांना, काय झालं ते सांगा सांगा म्हणून खोदूनही विचारू नका, बोलले तर ऐका, नाही बोलले तर पाणी द्या आणि त्यांचं हरवलेलं माणूस कुठे विचारायचं ती जागा दाखवा.

अजून एक, मणक्याला मार लागलेले. काश्मीरमध्ये २००५ ला शेकडो जण कमरेखाली लुळे झाले. उचलताना लॉग रोल (मान, पाठ, पाय एका रेषेत ठेवून वळवणं), चार जण, एकाच्या हुकमावर. नंतर दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ बघणं. घरच्या माणसाला पहिल्या दिवसापासून शिकवा कारण तुम्ही परत गेल्यावर तेच करणार आहेत. बेडसोअरने माणूस जातो हो, भूकंपातून वाचलेला माणूस.

पायवाट

वर मी नुसतं वाचनखूण म्हणालो होतो पण घरात बायको नर्स आहे म्हणून विचारतो, आफ्टरशॉकचं काय? घरच्यांना खरी काळजी त्याचीच असते.

लघवीची_पिशवी_रिकामी_करा

आफ्टरशॉक येतातच, दिवसांगणिक कमी होत जातात पण मध्येच मोठा येऊ शकतो. नेपाळला २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा झाला आणि १२ मेला परत ७.३ चा, त्यातही माणसं गेली. म्हणून इंजिनियरने तपासून दिल्याशिवाय कुठल्याही इमारतीत झोपायचं नाही, हॉस्पिटल असलं तरी. तंबूत किंवा मोकळ्यावर. बूट आणि हेडलॅम्प उशाशी, अंधारात काचांवर अनवाणी पाय पडतो. धक्का बसला की कोणते पेशंट कोण बाहेर काढणार हे शिफ्ट सुरू होताना हँडओव्हरमध्येच ठरवून घ्यायचं. सिमेंटच्या धुळीसाठी एन ९५. घरच्यांना तुमचा नाही, टीमच्या ऑफिसचा नंबर द्या, तुमचा फोन लागेलच असं नाही आणि लागला नाही की ते घाबरणार.

फिरतीपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एका संस्थेकडे फॉर्म भरलाय, पुढच्या आठवड्यात ते फोनवर बोलणार आहेत. मी त्यांना काय विचारू? लसींच्या डोसांची तारीख मागितलीय, हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत पण नंतर अँटीबॉडीची तपासणी केली होती तिचा रिपोर्ट सापडत नाहीये.

ओली_माती

रिपोर्ट नसेल तर तपासणी परत करून घ्या, साधी रक्ताची आहे, आणि टीटी घेऊन दहा वर्षं होत आली असतील तर तोही घ्या.

त्यांना विचारा की टीम कुठल्या टाइपची, तिथल्या आरोग्य खात्याचं बोलावणं आल्यावर निघते की आधीच, औषधाच्या ऑर्डरी लेखी असतात का, विमा कोण काढतं, किमान किती दिवस राहावं लागतं, आणि निघताना पेशंट कुणाकडे सोपवतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना पटकन देता आलं नाही तर दुसरी संस्था बघा. तुमच्या इन्चार्ज मॅडमशी सुटीचं आत्ताच बोलून ठेवा, परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी ड्युटी लावू नका म्हणून सांगा, झोप पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि बारीक आवाजालाही दचकायला होतं काही दिवस. ते कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं, अंगावर काढायचं नाही.

फिरतीपाळी

लिहून घेतलं सगळं. फोन झाला की इथेच कळवते.